सेट-टॉप बॉक्स आला, बिल वाढलं, मग चित्र अजून धूसर का?

ग्रामीण भागातली अ‍ॅनालॉग केबल बंद करण्याची शेवटची तारीख होती ३१ मार्च २०१७. त्याला आता आठ वर्षांहून जास्त काळ लोटला. त्या वेळी गावागावांत एकच सांगितलं जात होतं: बॉक्स बसवा, काचेसारखं स्वच्छ चित्र दिसेल. लोकांनी बॉक्स बसवले. बरेच जण आजही त्याला सेटअप बॉक्स म्हणतात, चालतंय. जुना पेटीचा टीव्ही माळ्यावर गेला, भिंतीवर ३२ इंची एलईडी आला. आणि तरीही तक्रार कानावर येतेच की जुन्या टीव्हीवर बरं दिसायचं. माणसांचे चेहरे रुंद दिसतात, खालच्या पट्टीवरची अक्षरं पुसट, मॅचमध्ये चेंडू गायब. मध्येच चित्राचे चौकोन पडतात आणि आवाज तुटतो.

केबलवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, वरूनच तसं येतंय. वरच्या कंपनीला विचारलं तर ते म्हणतात, तुमच्याकडची वायर खराब असेल. दोघंही कधी कधी खरं बोलत असतात. पण कोण कधी खरं बोलतोय हे ग्राहकाला कळत नाही, आणि महिन्याचे पैसे मात्र ठरल्या तारखेला जातात.

मुळात एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. डिजिटल म्हणजे स्वच्छ असं काही नसतं. डिजिटल म्हणजे चित्राचे आकडे करून पाठवणं. ते आकडे किती पाठवले, यावर चित्राचा दर्जा ठरतो. आणि केबल डिजिटल करण्यामागे चित्र सुधारणं हे एकमेव कारण नव्हतं, पहिलं तर नव्हतंच.

पहिलं कारण मोजणी. अ‍ॅनालॉगच्या काळात केबलवाल्याने एकदा वायर टाकली की सगळ्या वाहिन्या सगळ्यांच्या घरात. गावात तीनशे जोडण्या आहेत की शंभर, हे त्याच्या वहीशिवाय कुणालाच माहीत नसायचं. वाहिनीवाल्यांना पैसे देताना आणि सरकारला करमणूक कर भरताना आकडा कमी सांगितला जायचा, हे उघड गुपित होतं. बॉक्स आला तसा प्रत्येक घराला नंबर आला. कुणी काय घेतलं, कुणाचं बंद केलं, सगळं कंपनीच्या संगणकावर. यासाठी १९९५ च्या केबल कायद्यात डिसेंबर २०११ मध्ये दुरुस्ती झाली. मुंबईसह महानगरांत ३१ ऑक्टोबर २०१२ ला अ‍ॅनालॉग बंद करायचं ठरलं, पुणे-नागपूर-नाशिकसारख्या शहरांत ३१ मार्च २०१३ ला. मग नगरपालिकांची गावं, आणि सगळ्यात शेवटी आपण. खरं तर २०१४ च्या अखेरीस देशभर सगळं उरकायचं होतं, ते सव्वादोन वर्षं लांबलं.

मोजणी व्हायला नको होती असं नाही. पण ती झाल्यावर हिशोब पक्का झाला तो कंपन्यांचा. चित्राच्या दर्जाचं कोण मोजतंय? ग्राहकाच्या घरात येऊन तर कुणीच नाही.

आता चित्र खराब का होतं ते बघू. केबलच्या वायरीत ८ मेगाहर्ट्झचा एक एक कप्पा असतो. अ‍ॅनालॉगमध्ये एका कप्प्यात एकच वाहिनी बसायची. म्हणजे एका एसटीत एकच प्रवासी, ऐसपैस. म्हणूनच तेव्हा शंभराच्या आतच वाहिन्या यायच्या. डिजिटलमध्ये चित्र दाबून लहान करतात, त्यामुळे त्याच कप्प्यात दहा-पंधरा साध्या वाहिन्या सहज बसतात. कोंबल्या तर वीसही बसतात. यात्रेच्या दिवशीची एसटी आठवा. गाडी तीच, माणसं वाढली, प्रत्येकाच्या वाट्याची जागा कमी झाली. वाहिन्यांचंही तसंच. आम्ही चारशे वाहिन्या देतो असं कुणी सांगितलं की लोक खूश होतात, पण प्रत्येक वाहिनीच्या वाट्याला किती जागा आली हे कुणी विचारत नाही.

दाबलेलं चित्र ओळखायचं कसं? मालिकेत दोन बायका सोफ्यावर बसून बोलतात तेव्हा ते दिसतच नाही, कारण चित्रात फारसं काही हलत नाही. पण गणपतीच्या मिरवणुकीत गुलाल उधळला, कबड्डीत झटापट झाली, नदीचं पुराचं पाणी दाखवलं की लगेच चित्र चिखलासारखं होतं. हजारो कण एकाच वेळी हलतात, तेवढे आकडे पाठवायला जागा नसते. यात तुमच्या वायरीचा दोष नाही, खांबावर चढलेल्या पोराचाही नाही. हा दोष जिथून सिग्नल निघतो त्या कंट्रोल रूमचा, किंवा वाहिनीचाच.

दुसरा प्रकार वेगळा. जुन्या केबलला सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या यायच्या. मुंग्यांमधूनही लोकांनी अख्ख्या मॅच बघितल्या. डिजिटलमध्ये अधलंमधलं काही नसतं. सिग्नल थोडा कमी झाला तरी चित्र जसंच्या तसं राहतं, आणखी कमी झाला की चौकोन पडतात, आणि त्याच्या पुढे एका क्षणात काळा पडदा. काठावर उभ्या असलेल्या माणसासारखं आहे ते. म्हणून सकाळी नीट चालणारी केबल संध्याकाळी अचानक बंद पडते. सिग्नल रोजच काठावर असतो, आपल्याला फक्त कळत नाही.

तेव्हा तक्रार करण्याआधी एवढं बघा. सगळ्याच वाहिन्यांचे चौकोन पडत असतील तर गडबड वायरीत आहे: पिन सैल, जॉइंटमध्ये पाणी, गंजलेली तार, नाहीतर एका वायरीवर दोन-तीन टीव्ही. स्प्लिटर लावून दोन टीव्हींना सिग्नल वाटला की प्रत्येकाला निम्माच मिळतो, हे लक्षात असू द्या. ठरावीक दहा-पंधरा वाहिन्याच तुटत असतील आणि बाकीच्या चांगल्या असतील, तर त्या सगळ्या एकाच कप्प्यातल्या असण्याची शक्यता मोठी. ही गोष्ट केबलवाल्याला नेमकी सांगा, त्याचं कामही सोपं होतं. आणि एखादी वाहिनी कधीच तुटत नाही पण कायम पुसटच दिसते, तर ते वरून दाबून आलेलं चित्र. तिथे पिन बदलून काही होणार नाही. बहुतेक बॉक्सच्या मेनूत सिग्नलची पट्टी दिसते. त्यात 'स्ट्रेंग्थ' आणि 'क्वालिटी' अशा दोन रेघा असतात. बघायची ती क्वालिटी.

पावसाचंही सांगायला हवं. घरच्या छोट्या छत्रीवर मोठ्या पावसात चित्र जातं, शेजारच्या केबलवर चालू राहतं. कंट्रोल रूमच्या मोठ्या छत्र्या बहुतेक वेगळ्या लहरींवर चालतात, त्यांना पाऊस तेवढा अडवत नाही. पण केबलचा सिग्नल आता शहरातून फायबरने येतो. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडलं की गावंच्या गावं एकदम बंद. छत्रीवाला मात्र तेव्हा आरामात बघत असतो.

आणि बरेचदा दोष आपल्याच भिंतीवर असतो. नवा एलईडी घेतला, पण बॉक्सपासून टीव्हीपर्यंत वायर तीच, लाल-पिवळी-पांढरी. पिवळ्या वायरीतून चित्र पुन्हा जुन्या पद्धतीनेच जातं, म्हणजे डिजिटल झालेलं शेवटच्या दोन हातांवर परत अ‍ॅनालॉग. बॉक्सला एचडीएमआयची खाच असेल तर ती वायर लावा, फरक त्याच दिवशी दिसतो. चेहरे रुंद दिसत असतील तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये पडद्याचं माप ४:३ वरून १६:९ करून बघा. एवढ्यानंही पुसटपणा गेला नाही तर त्याचं कारण साधं आहे: साध्या वाहिनीत आडव्या ५७६ रेघाच असतात. १४ इंची पेटीवर त्या पुरायच्या, ३२ इंचीवर ताणल्या की विरळ दिसतात. एचडीत १०८० असतात. पण त्यासाठी बॉक्सही एचडीचा लागतो आणि वाहिनीही एचडीची घ्यावी लागते. साध्या बॉक्सवर 'एचडी टीव्ही' नुसता शोभेचा.

इथूनच बिलाचा विषय सुरू होतो. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नव्या नियमाने ग्राहकाने वाहिन्या निवडायच्या असं ठरलं. नुसती जोडणी चालू ठेवायला १०० वाहिन्यांपर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पैसे लागणारी एकही वाहिनी न घेता. एक एचडी वाहिनी म्हणजे दोन साध्या, असा हिशोब. पुढे २०२० मध्ये १३० रुपयांत २०० वाहिन्या झाल्या. पण ज्याच्या घरात वीस वाहिन्यासुद्धा बघितल्या जात नाहीत, त्याला दोनशेचं काय कौतुक? निवडीचं स्वातंत्र्यही कागदावरच राहिलं. एकेक वाहिनी घेतली तर महाग, बुके घेतला तर स्वस्त, आणि बुकेत नको असलेल्या चार वाहिन्या गळ्यात. शेवटी बहुतेकांनी केबलवाल्याने दिलेला पॅकच चालू ठेवला.

जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही १३० रुपयांची मर्यादाच काढून टाकली. आता जोडणीचा आकार किती घ्यायचा ते कंपनी ठरवते, फक्त दर जाहीर करणं तिला बंधनकारक आहे. स्पर्धा आहे, त्यामुळे दर आपोआप ताब्यात राहतील असा यामागचा विचार. शहरात ते खरं असेल. ज्या गावात एकच केबल आहे, तिथे स्पर्धा कुणाशी? छत्रीशी, म्हणाल. पण छत्री घ्यायची तर केबलचा बॉक्स कचऱ्यात जातो, आणि कंपनी बदलली तर छत्रीचा बॉक्सही. मोबाईलचं सिमकार्ड बदलून हँडसेट तोच राहतो, तसं बॉक्सचं व्हावं अशी शिफारस ट्रायने २०२० मध्ये केली होती. अजूनही एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही. ग्राहकाच्या हाताला बळ द्यायचं असेल तर या एका गोष्टीने जितकं मिळेल तितकं दर कमी-जास्त करून मिळणार नाही, असं आमचं मत आहे.

या सगळ्यात शिव्या खातो तो गावचा केबलवाला. त्याचीही बाजू बघा. वरच्या कंपनीशी वेगळा करार झाला नसेल तर जोडणीच्या रकमेतले ५५ टक्के कंपनीचे आणि ४५ टक्के त्याचे, असा ट्रायचा नमुना. १३० रुपयांतले साडेअठ्ठावन्न. त्यात वायर, अँप्लिफायर, त्याचं लाईट बिल, खांबावर चढणारा पोरगा आणि वसुलीला घरोघर मारलेले हेलपाटे. एके काळी स्वतःची कंट्रोल रूम असणारा, गावच्या यात्रेची शूटिंग दाखवणारा माणूस आता कंपनीचा वसुली करणारा झालाय. त्यात पैसे लागणारे डीटीएच ग्राहकसुद्धा देशात ७ कोटींवरून ६ कोटींच्या खाली आलेत. म्हणजे मोबाईल आणि फुकटच्या छत्रीने सगळ्यांचाच धंदा बसवलाय. एवढं असूनही पावती न देणं याला माफी नाही. पैसे घेतले तर पावती हवी, आणि त्यात कोणता पॅक ते लिहिलेलं हवं.

फुकटच्या छत्रीबद्दल थोडं. दूरदर्शनचे तालुक्याच्या ठिकाणचे जुने अ‍ॅनालॉग मनोरे मार्च २०२२ पर्यंत जवळपास सगळे बंद झाले, सीमेवरचे आणि मोक्याचे काही सोडून. म्हणजे ज्यांच्याकडे केबल परवडत नव्हती म्हणून घरावर अँटेना होता, त्यांचा टीव्ही एका तारखेला मुका झाला. त्यावर फारशी ओरड झाली नाही, कारण ओरडणाऱ्यांकडे तेव्हा केबल होती. त्यांच्यासाठी आता डीडी फ्री डिश आहे: एकदा दीड-दोन हजारांचा खर्च, पुढे महिन्याला काही नाही. सह्याद्री त्यावर दिसतं. पण घेताना दोन गोष्टी बघा. दुकानदार स्वस्तातला जुना, एमपीईजी-२ चा बॉक्स देत असेल तर नको म्हणा, कारण त्यावर एमपीईजी-४ मध्ये येणाऱ्या वाहिन्या दिसतच नाहीत आणि लोकांना वाटतं छत्री हलली. दुसरं, त्यावरच्या खासगी वाहिन्या लिलावाने येतात, त्यामुळे आज दिसणारी मराठी वाहिनी पुढच्या एप्रिलमध्ये असेलच असं नाही.

केबल चालू ठेवायची असेल तर पुढचं रिचार्ज करण्याआधी केबलवाल्याकडून दरपत्रक मागा: जोडणीचे किती, वाहिन्यांचे किती, जीएसटी किती, तीन वेगळे आकडे. नुसतं 'तीनशे द्या' म्हणाला तर त्यातले वाहिन्यांचे किती, हे त्याच्याकडून पावतीवर लिहून घ्या.