चरित्र कुठे संपतं?

जन्म, बालपण, कर्तृत्व, निधन... आपल्याकडची बहुतेक चरित्रं निधनाच्या तारखेला संपतात. मला वाटतं, खरी गंमत पुष्कळदा तिथून पुढेच असते.

हे पटवून देणारा अभ्यासक आमच्या शेजारचाच आहे, डॉ. सदानंद मोरे. निगडीहून तळवड्याच्या कंपन्या ओलांडल्या की देहू आलंच. मोरे देहूचे, तुकोबांच्या वंशातले. पुणे विद्यापीठात ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. १९९६ साली 'तुकाराम दर्शन' आलं, १९९८ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे 'लोकमान्य ते महात्मा', आणि २०१५ साली घुमानच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. हे सगळं खरंच, पण मला कौतुक आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं.

'तुकाराम दर्शन' तुकोबांच्या आयुष्यापाशी थांबत नाही. तुकोबा गेल्यावर महाराष्ट्राने त्यांना कसं वाचलं, याचाही तो शोध आहे. वारकऱ्यांचे तुकोबा, प्रार्थना समाजाचे तुकोबा, ब्राह्मणेतर चळवळीतले तुकोबा... प्रत्येकाला दिसलेले तुकोबा वेगळे!

आता बघा, घराण्यातल्या माणसाला सोपं काय होतं? पूर्वजाची आरती ओवाळणं. मोऱ्यांनी भक्तीही सोडली नाही आणि प्रश्न विचारणंही. या दोन गोष्टी एका घरात सुखाने नांदू शकतात, हे माझं ठाम मत त्यांच्यामुळेच झालंय.

आता थोडं घरच्या मंडळींसाठी. (तुम्ही हे वाचता, मला माहीत आहे!) आजोबांच्या स्मरणिकेसाठी लेख जमताहेत. सगळ्यांत आजोबा 'करारी पण प्रेमळ'. कारखान्यातल्या संपात घराचे हाल झाले, आजीने शिवणकाम करून चूल पेटती ठेवली, हे एकाही लेखात नाही. आजोबांच्या हाताखाली लेथ शिकलेली पोरं आज चाकणला सुपरवायझर आहेत. त्यांना विचारलं कुणी? आजोबांचं निम्मं चरित्र तर त्यांच्याकडे आहे!

काका म्हणतील, कशाला जुनं उकरायचं? काका, साडेतीनशे वर्षं इतक्या जणांनी इतक्या बाजूंनी तपासूनही तुकोबा लहान झाले नाहीत. आजोबाही होणार नाहीत.

असो. स्मरणिका छापायला अजून वेळ आहे. येत्या रविवारी मी चाकणला जातोय. कोण येतंय बरोबर?