‘च’ काढून पाहा



माझ्या कपाटात साड्यांखाली अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली एम.ए.च्या अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक दोन वर्षे पडून होते. बी.ए. झाले, लग्न होऊन गेवराईला आले, आता शाळेत अर्धवेळ शिकवते. घरी बसून पुढे शिकावे असे फार वाटे. पण विषय काढायचा म्हटलं की घशाला कोरड! ‘सासूबाई काय म्हणतील?’ घोडं तिथंच पेंड खात होतं.

स्वतःला घडवावे कसे, हे सांगणारे थोर लोक पुष्कळ. त्यांतले तीन मार्ग मी घरच्या घरी करून पाहिले. त्याचीच ही हकिगत.

पहिला मार्ग श्यामच्या आईचा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, आणि आपल्या कितीतरी पिढ्या ती वाचून रडल्या. दुसऱ्यासाठी झिजावे, त्यातच आपली वाढ, असे मी त्यातून घेतले. सासूबाईंच्या आजारपणात ते उपयोगीही पडले; मनापासून केलेली सेवा जड जात नाही. पण पुढे पुढे चहा देताना माझ्या हातून कप आपटू लागला. तेव्हा कळले की प्रेमाने केलेले काम आणि तोंड उघडता येत नाही म्हणून केलेले काम दिसायला अगदी सारखेच असते. फरक कपाच्या आवाजात!

दुसरा मार्ग समर्थांचा. रामदासस्वामी तसे आमच्या शेजारचेच. १६०८ साली जन्मले ते गोदावरीपलीकडच्या जांब गावी. दासबोधाचे वीस दशक, दोनशे समास. त्यात मूर्खाची लक्षणे आहेत, अक्षर कसे काढावे तेही आहे आणि यत्नावर स्वतंत्र समास आहे. पहाटे उठून पाठांतर करावे हा उपदेश मी मनावर घेतला. साडेचारला उठू लागले. चार दिवस छान वाचन झाले. पाचव्या दिवशी नळाचे पाणी माझ्याकडे आले, आठव्या दिवशी सगळ्यांचे डबे. लवकर उठणारीला घर आणखी काम देते, हो! समर्थ बोहल्यावरून निघून गेले अशी कथा आहे. आपल्याला थोडंच तसं निघता येतं? तरी एक फायदा झाला. रोज थोडे वाचायची सवय लागली, ती आजही टिकून आहे.

तिसरा मार्ग अमेरिकेतून आलेला. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडे कि. मो. फडके यांनी मराठीतून समजावून दिली. एलिस म्हणतो, घटनेने माणूस जेवढा हैराण होत नाही, तेवढा त्या घटनेविषयीच्या आपल्या हट्टी समजुतीने होतो. हा गृहस्थ तरुणपणी मुलींशी बोलायला फार लाजे. एकोणिसाव्या वर्षी त्याने बागेत जाऊन महिनाभरात शंभर अनोळखी बायकांशी बोलायचे ठरवले आणि बोललाही. भेटायला येते म्हणाली ती एकटीच, आणि तीही आली नाही! पण नकाराने आपण मरत नाही हे त्याला कळले, भीती गेली.

हे वाचले आणि मी वहीत माझी समजूत लिहून काढली: ‘घरात सगळ्यांना मी चांगलीच वाटले पाहिजे.’ व्याकरण शिकवणारी मी, लगेच त्या ‘च’वर बोट ठेवले. च काढला. ‘सगळ्यांना मी चांगली वाटले तर बरे. नाही वाटले तर वाईट वाटेल, पण सोसेल.’

त्याच रात्री जेवणं झाल्यावर विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, “पोरांचं वय शिकायचं, तुझं शिकवायचं. आता परीक्षा कशाला?” हे म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू.” आवाज कापत होता, तरी म्हटलं, “याच वर्षी. संध्याकाळचा एक तास मला लागेल.” सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. ते दोन दिवस सोपे नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, “मग संध्याकाळी कुकर कोण लावायचा?” मी म्हटलं, “तेच ठरवू या.” अर्ज भरला आहे. कुकरची वाटाघाट अजून चालू आहे.

मग एक गोष्ट आठवली. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला त्याच आईने शिपटीने मारून पाण्यावर धाडले होते. यत्न सांगणारे समर्थ, ती आई आणि बागेतला एलिस इथे एका ओळीत बसतात: भीती उतरल्यावर जाते, काठावर बसून नाही. फरक एवढाच की आपण पोरांना पाण्यात ढकलतो, स्वतःला नाही.

तेव्हा एकच मार्ग धरून बसू नका. कप आपटू लागला तर विचारा, हे प्रेम आहे की भीती? ठरवलेले रोज टळत असेल तर समर्थांचा यत्न धरा. तोंड उघडत नसेल तर आपली समजूत कागदावर लिहा आणि त्यातला च शोधा.

एक मात्र सांगते. मार खाणाऱ्या बाईला ‘तुझी समजूत बदल’ सांगणे हा विवेक नव्हे. मारहाण थांबलीच पाहिजे आणि तिला माणसांची, कायद्याची मदत मिळालीच पाहिजे. हे दोन च मात्र कधीही काढू नका.

आज रात्री ओटा पुसून झाला की एक वाक्य लिहाल ना?