चंडकौशिकाचे तूप

आषाढातील एका सकाळी खारघरमधील एका गृहसंकुलाच्या वाहनतळावर गलका उडाला. स्कूटरच्या मागच्या चाकाशी पाच-सहा हात लांबीचा, पिवळसर तपकिरी साप वेटोळे घालून बसला होता. पहारेकऱ्याने काठी उचलली. तेवढ्यात देरासरातून परतलेल्या तिसऱ्या मजल्यावरील आजी पुढे झाल्या.

"अरे बाबा, मारू नकोस. त्यालाही जीव आहे."

काठी खाली आली. नातवाने वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी केला. सर्पमित्र येईपर्यंत आजी घरातून दुधाची वाटी घेऊन आल्या. आलेल्या तरुणाने साप अलगद पिशवीत घेतला आणि हसून म्हणाला, "आजी, ही धामण आहे, बिनविषारी. पण साप दूध पीत नाही. त्याला काही देऊ नका. जाऊ द्या, एवढेच पुरे."

पावसाळ्यात नवी मुंबईच्या अनेक वसाहतींत असे प्रसंग घडतात. त्यांत धामणीचा जीव वाचतो, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि दुधाची ती वाटी थोडा विचार करावयास लावते. मारू नये, हे आपल्या घरांतील लहान मुलासही सांगावे लागत नाही. न मारल्यानंतर काय करावे, याविषयी मात्र आपली समजूत तितकी स्पष्ट नाही.

श्वेतांबर परंपरेतील चंडकौशिकाची कथा सर्वांस ठाऊक आहे. भगवान महावीरांच्या करुणेने तो विषारी सर्प शांत झाला आणि आपल्या दृष्टीने कोणास इजा होऊ नये म्हणून तोंड बिळात घालून पडून राहिला. कथेचा पुढील भाग तितकासा सांगितला जात नाही. सर्प शांत झालेला पाहून लोक त्याची पूजा करू लागले. तूप विकावयास जाणाऱ्या स्त्रियांनी भक्तिभावाने त्याच्या अंगास तूप माखले. तुपाच्या वासाने मुंग्या आल्या आणि त्यांनी त्याचे शरीर पोखरले. चंडकौशिकाने ते समभावाने सहन केले. परंतु तूप लावणारीच्या मनात द्वेष नव्हता, भक्ती होती; तरीही वेदना व्हावयाची ती झालीच.

आजच्या नवी मुंबईत हे तूप निरनिराळ्या रूपांत दिसते.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पूर्वेस पारसिक व खारघरच्या टेकड्या, पश्चिमेस ठाण्याची खाडी यांमधील भूमीवर हे शहर वसले. धामण, नाग, घोणस, कोल्हा, माकड हे येथील जुने रहिवासी आहेत. पावसाचे पाणी बिळांत शिरले की साप कोरडी जागा शोधतात आणि उंदरांच्या मागावर इमारतींपर्यंत पोहोचतात. वाशीच्या बाजारात धान्याचा व्यापार करणाऱ्यांस वेगळे सांगावयास नको की, जेथे दाणा तेथे उंदीर. पुण्यकर्म म्हणून अंगणात पसरलेले मूठभर धान्य पक्षी दिवसा टिपतात. उरलेले रात्री उंदीर खातात. उंदरामागे साप येतो आणि सापामागे पहारेकऱ्याची काठी. दात्याच्या वहीत पुण्य जमेस पडते; नावे मात्र त्या सापाच्या खात्यावर लिहिले जाते.

खाडीकाठच्या कांदळवनात राहणाऱ्या सोनेरी कोल्ह्याचेही तसेच आहे. खेकडे, मासे, उंदीर, फळे असे मिळेल ते खाऊन तो जगतो. माणसाकडून त्यास अन्नाची अपेक्षा नाही. परंतु कांदळवनाच्या कडेला उष्टे अन्न टाकले की भटकी कुत्री जमतात, कोल्हेही येतात आणि कुत्र्यांचे रोग कोल्ह्यांत पसरतात. २०२४ साली मुंबईत चेंबूर परिसरातील कोल्ह्यांत रेबीज आढळला होता. हा रोग एकदा प्रकट झाला की कोल्हा वाचत नाही, कुत्रा वाचत नाही आणि माणूसही क्वचितच वाचतो.

ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ साली घोषित झाले आणि २०२२ साली त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रोहित पक्षी शेवाळ आणि सूक्ष्म जलजीव गाळून खातात. हिवाळ्यात येणाऱ्या कुरव पक्ष्यांना मात्र लाँचवरून गाठी आणि शेव फेकण्याची प्रथा पडली आहे. तळलेले, खारट पीठ हा पक्ष्याचा आहार नव्हे. टेकडीवरील माकडास बिस्किटांची सवय लागली की ते पिशव्या हिसकावू लागते. मग तक्रारी होतात, पिंजरे लागतात. बिस्किट देणारा तोवर घरी पोहोचलेला असतो.

अन्नदान श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. परंतु आपल्या शास्त्रांनी अभयदानास त्याहून वरचे स्थान दिले आहे. वन्य जीवास अभय देणे म्हणजे त्याचे अन्न, त्याची वाट आणि त्याचे अंतर त्याच्याकडेच राहू देणे. यात हाताने देण्याचा आनंद नाही, म्हणून ते कठीण वाटते.

हे अभय चालण्यातूनही देता येते. चातुर्मासात साधु-साध्वी विहार थांबवतात, कारण पावसात भूमी जीवांनी भरलेली असते. नेमक्या त्याच दिवसांत आपली तरुण मुले खारघरच्या डोंगरवाटांवर आणि कर्नाळ्याच्या रानात जातात. त्यांनी जाऊ नये असे नाही. ईर्यासमितीचा अर्थ मात्र त्यांस अवश्य सांगावा. चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकावे, दिवसाउजेडी चालावे. पायाखाली जीव येऊ नये म्हणून सांगितलेला हा नियम घोणस आणि फुरसे यांच्या दंशापासून चालणाऱ्याचेही रक्षण करतो. गाणी वाजवू नयेत, दगडाखाली हात घालू नये, डब्यातील उरलेले अन्न घरी परत आणावे.

दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हलवता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर उपयोगी पडणारे प्रतिविष उपलब्ध आहे. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

त्या गृहसंकुलात पुढच्याच आठवड्यात वाहनतळाच्या भिंतीतील भोके बुजवली गेली आणि कचऱ्याच्या डब्यांना झाकणे आली. आजींनी अंगणात दाणे पसरणे थांबवले. ती रक्कम त्या आता दरमहा पांजरापोळास पाठवतात, कारण तेथील गुरांस माणसाच्या चाऱ्याची खरोखर गरज आहे.

पर्युषणात आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या वेळी वाहनतळावरील धामण आणि कांदळवनातील कोल्हा यांचेही स्मरण व्हावे. ज्यांना आपण कधी मारले नाही, त्यांनाही आपल्याकडून काही भोगावे लागले असेल.