हिचा देव कोणता?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. पाडव्याची दुपार. जेवण अंमळ जास्तच झाल्यामुळे आम्ही आरामखुर्चीत कलंडलो होतो. समोर नातू आणि त्याची मित्रमंडळी जेवणाच्या टेबलाभोवती अड्डा जमवून बसली होती. टेबलावर चकल्यांची ताटली, कागद, पेन्सिली आणि मूठभर फासे. फासे म्हणजे आपले सारीपाटाचे नव्हेत बरे का! कुणाला चार पैलू, कुणाला आठ, आणि एकाला तर चक्क वीस.

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी सूत्रधार. ती गोष्ट सांगते, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात आणि पात्राचा बेत तडीला गेला की फसला, ते फासे ठरवतात. त्या दिवशी एक भिडू गावी गेल्याने जागा रिकामी होती. नातवाने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “आजी, तू ये ना! तुला काही अवघड नाही. तू क्लेरिक हो. आम्ही लढतो, तू नुसती मलमपट्टी कर.”

ही पदराला हात पुशीत बाहेर आली. “क्लेरिक म्हणजे काय रे?”

“देवाचा भक्त. देवाच्या कृपेने जखमा बऱ्या करतो.”

“कोणत्या देवाचा?”

“कोणताही चालेल गं!”

“कोणताही कसा चालेल?” ही म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

वाचकहो, हाच प्रश्न त्या खेळाला पन्नास वर्षे पुरला आहे, हे आम्हांला मागाहून कळले. हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. पहिली छपाई अवघी हजार प्रतींची. तीत पात्रांचे प्रकार तीनच होते : योद्धा, जादूगार आणि हा क्लेरिक. क्लेरिकच्या जन्माची कथा मोठी मौजेची आहे. आर्नेसनच्या घरच्या मंडळात एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच झाले आणि ते कुणालाच आवरेना. तेव्हा भुताखेतांच्या चित्रपटांत क्रूस उगारून पिशाचाला पळवणारा वीर असतो, त्या धर्तीचे एक पात्र मुद्दाम घडवले गेले. म्हणजे मुळात हा गडी पिशाचांवर सोडलेला. परिचारिकेचे काम त्याच्या गळ्यात पडले ते निभावता निभावता.

त्याला धारदार शस्त्र वर्ज्य होते; गदा, सोटा चालेल. फ्रान्समधल्या बायू गावचा अकराव्या शतकातला एक भरतकामाचा पट आहे. त्यात ओडो नावाचा बिशप रणांगणावर हातात सोटा घेऊन घोडा दौडवताना दिसतो. त्या चित्राशी या नियमाचे नाते नेहमी जोडले जाते. गदेने डोके फुटले तर रक्त येत नाही, अशी कुणाची समजूत असेल तर ती असो!

पण या भक्ताचा देव कोण, याचा पहिल्या पुस्तकांत पत्ता नव्हता. १९७६ साली देवदेवतांचे स्वतंत्र पुस्तक निघाले आणि १९८० साली त्याहून मोठे. त्यांत ग्रीक, मिसरी, नॉर्डिक देवांच्या पंगतीला आपलेही देव बसवले होते : इंद्र, अग्नी, वरुण, यम. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे चिलखत किती भक्कम आणि किती घाव सोसले की तो पडेल, त्याचे आकडे! देवाला आकडा दिला की पोरे दुसरे काय करणार? ती देवाशी लढायला निघाली.

पुढे शहाणपण आले. देवाचा आकडा मोजण्यापेक्षा देवाप्रमाणे भक्त बदलतो हे दाखवणे अधिक गमतीचे आहे, हे ध्यानात आले. ‘रूनक्वेस्ट’ या १९७८ च्या दुसऱ्या एका खेळाने तर पंथांनाच मोठा मान दिला. तिथे शुश्रूषेची एक देवी आहे. तिच्या उपासकाने कुणालाही इजा करायची नाही, अशी शपथ. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्येही १९८९ च्या आवृत्तीत मंत्रांची वाटणी होऊन ज्या त्या देवाच्या पुजाऱ्याला त्याच्या वाट्याचेच मंत्र मिळू लागले. २००० साली देवाच्या अधिकारातली दोन क्षेत्रे निवडण्याची पद्धत आली. २०१४ च्या मुख्य पुस्तकात एकच क्षेत्र निवडायचे, पण सातांतून : जीवन, प्रकाश, ज्ञान, निसर्ग, वादळ, कपट आणि युद्ध. २०२४ च्या नव्या पुस्तकात ही सात चारांवर आली आहेत. आमच्या पोरांकडे मात्र २०१४ चेच पुस्तक होते.

सूत्रधार मुलीने ते हिच्यापुढे उघडले. नातू म्हणाला, “आजी, जीवन घे. मलम जास्त लागतं.” हिने चष्मा लावला. सातही क्षेत्रे भाजी निवडावी तशी सावकाश निवडली आणि म्हणाली, “वादळ.”

“अगं, पण...”

“इंद्र आहे का यात?” यादीत ग्रीक, मिसरी, केल्टिक, नॉर्डिक देव होते, इंद्र नव्हता. “मग हा हातोडीवाला कोण?”

“थॉर.”

“थोर असेल तर चालेल,” ही म्हणाली.

आमची झोप केव्हाच उडाली होती. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात या घरातले प्रत्येक दुखणे हिनेच काढले. आमचे पथ्य, मुलांचे गोवर, सासूबाईंचे अंथरूण. कधी आवाज चढला नाही. आणि आज निवडायला मिळाले, तर हिने वीज निवडली!

तासाभरात प्रसंग आला. एका खिंडीत दोन ऑर्क, म्हणजे राक्षसच म्हणा, यांनी नातवाच्या योद्ध्याला लोळवले. बाकीचे भिडू दूर होते. हिच्याजवळ एकच मंत्र शिल्लक. पडलेला गडी दर पाळीला वीस पैलूंचा फासा टाकतो. तीनदा हुकला की संपला. नातवाचा एक फासा हुकलाच होता. त्यात पडलेल्यावर जवळून आणखी एक घाव बसला, तर ते दोनदा हुकल्यासारखे. म्हणजे खेळ खलास. वर्षभर जपलेले पात्र. पोराचा चेहरा उतरला. “आजी, मलम!”

ही थोडा वेळ बोलली नाही. मग सूत्रधारिणीला विचारले, “याला उठवला, तर ते दोघे याला पुन्हा पाडतील ना?”

“बहुतेक हो, आजी.”

“मग मलम नको. गडगडाट.”

“आजी!” पोर ओरडले.

सूत्रधार मुलीने राक्षसांच्या बाजूने फासे टाकले. दोन्ही कमी पडले. वादळाच्या भक्ताला एक खास वरदान असते : विजेचा किंवा गर्जनेचा तडाखा फाशावर न सोडता पुरेपूर मोजता येतो. पुरेपूर म्हणजे सोळा. राक्षसांचा जीव पंधराचा. दोघेही जागच्या जागी आटोपले. मग हिने पात्राच्या पिशवीतून एक पेटी काढली. खरेदीच्या वेळी सगळे तलवारी घेत होते, तेव्हा हिने ही औषधांची पेटी मुकाट्याने लिहून ठेवली होती. “आता पट्टी बांधते,” ही म्हणाली. “तिला मंत्र लागत नाही.”

नातू बराच वेळ फाशाकडे बघत होता. मग म्हणाला, “मला वाटलं, तू मला सोडून दिलंस.”

“सोडीन कशी? पण मला फक्त पट्टीच बांधता येते, असं तू ठरवून टाकलं होतंस.”

वाक्य नातवाला उद्देशून होते. लागले मात्र आरामखुर्चीला.

संध्याकाळी हिने आम्हांला ओवाळले. दर पाडव्याला आम्ही तबकात नोटांचे पाकीट ठेवतो आणि ‘हवं ते घे’ म्हणून मोकळे होतो. ते ‘हवं ते’ अखेर घरातल्या कुणाच्या तरी गरजेचे निघते, हे ठाऊक असून आम्ही कधी पुढे चौकशी केली नव्हती. त्या दिवशी पाकीट खिशातच राहू दिले आणि विचारले, “तुला काय हवंय?”

ही गोंधळली. निरांजन हातात तसेच. “विचार करून सांगते,” म्हणाली. विचाराला दोन दिवस लागले. भाऊबीज उलटल्यावर उत्तर आले : “रविवारी चार ते सात मला कुणी हाक मारायची नाही.”

तिची क्लेरिक आता सहाव्या पायरीवर आहे. रविवारचा चहा आम्ही करतो. पोरे म्हणतात, बरा होतो. फक्त साखर जरा जास्त पडते.