साहेबाचे रोम आणि आमचे खापर

पनवेलची खाडी ओलांडून पश्चिमेस गेले की घारापुरी. किनाऱ्याने दक्षिणेस उतरले की चौल. एकेकाळी देशोदेशीची गलबते येथे नांगर टाकीत. मात्र या किनाऱ्यावर जुने खापर हाती लागले की आपल्या विद्वानांना पहिली आठवण होते ती रोमची! हे व्यसन लावले कोणी?

१९४५ मध्ये पुरातत्त्व खात्याचे महासंचालक मॉर्टिमर व्हीलर यांनी पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे उत्खनन केले. रोमन मद्यकुंभ तेथे खरोखरच निघाले. ते कोणी नाकारीत नाही. पण सोबत निघालेली, आतून तळाशी दातेरी चक्राची नक्षी असलेली तलम भांडीही साहेबांनी भूमध्य सागराच्या खात्यावर जमा केली. इतके सुबक काम येथील कुंभाराच्या हातून होईलच कसे, असे जणू गृहीतच! साहेबाने सांगितले, आम्ही पाठ केले.

शैलीवरून काही अभ्यासकांनी पुढे शंका घेतली. साक्ष दिली ती मातीने. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. विश्वास गोगटे यांनी खापऱ्यांची भुकटी क्ष-किरण विवर्तनाने तपासली. प्रत्येक खनिज हे किरण आपापल्या ठरावीक कोनांतून वळविते. त्यावरून मातीची जात कळते. ही माती बंगालमधील चंद्रकेतुगढ-तामलुक परिसराशी जुळते, असे त्यांनी १९९७ मध्ये मांडले. नेमक्या स्थानाविषयी वाद झाले. भांडी भारतीय आहेत, हे मात्र टिकले. हीच भांडी पार बाली बेटातील सेंबिरनपर्यंत पोहोचली होती. समुद्रबंदीचे पाप माथी मारून ज्या समाजाला किनाऱ्यावरच बसविण्यात आले, त्याच्या मालाचा हा प्रवास!

श्लोक फेकून पुष्पक विमान उडविणाऱ्या आपल्यातील उत्साही मंडळींनीही येथे थोडे थांबावे. त्या श्लोकांपेक्षा ही चिमूटभर भुकटी प्रतिपक्षाला अधिक बोचते.

गोगटे यांनीच पुढे चौल येथे उत्खनन केले. आणि त्याच रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात विमानतळ, रस्ते व वसाहती यांसाठी टेकड्या कापल्या गेल्या, खाजणे बुजविली गेली. पायाच्या खड्ड्यात खापर दिसले तर ते ओळखणार कोण? ठेकेदाराच्या लेखी तो राडारोडा. पनवेल महापालिकेने एक दालन द्यावे, सापडलेले प्रत्येक खापर स्थळाच्या व थराच्या नोंदीसह तेथे ठेवावे, नमुने पुण्यास पाठवावेत. द्रुतगती मार्गाने पुणे दोन तासांवर आहे. भरावाकडे निघालेल्या डंपरला तेवढाही वेळ लागत नाही.