चांगल्या हाताचा फोटो कशाला?

आमच्या वस्तीतल्या एक मावशी चार घरची धुणीभांडी करतात. पावसाळ्यात नळावरून येताना शेवाळलेल्या पायरीवर त्यांचा पाय घसरला. पडताना माणूस आपोआप हात पुढे करतो. मावशींनीही उजवा हात टेकला आणि अंगाचा सगळा भार मनगटावर आला. तासाभरात हात सुजून टम्म झाला. शेजारच्या आजी म्हणाल्या, “मुरगळलाय गं, हळद-मीठ गरम करून बांध.” मी मात्र त्यांना रिक्षात बसवून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी उजव्या मनगटाचा एक्स-रे लिहून दिला आणि त्याच कागदावर खाली डाव्या मनगटाचाही लिहिला.

मावशी तिथेच तडकल्या. “भाऊ, डावा हात धडधाकट आहे माझा. त्याचा फोटो कशाला? बिल वाढवायला?”

खरे सांगायचे तर शंका मलाही आली होती. डॉक्टर तरुण होते, पण रागावले नाहीत. म्हणाले, “मावशी, पडायच्या आधी तुमचं उजवं मनगट कसं होतं, हे मला कोण सांगणार? डावंच सांगणार ना!”

बंधू-भगिनींनो, या एका वाक्याने माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोडलेले हाड जागेवर बसवायचे, पण जागा कोणती? ती ठाऊक व्हायची तर आधी न मोडलेल्या मनगटाचे माप हवे. आम्ही हिशेबाची माणसे. मागच्या वर्षाची अखेरची शिल्लक ठाऊक नसेल तर या वर्षाचा ताळेबंद जुळवणार कसा? तसेच हे. म्हणूनच जगभरचे डॉक्टर धडधाकट माणसांच्या मनगटांचे फोटो काढून मापे घेत आले आहेत. वरवर हे रिकामटेकडे काम वाटते. पण तसे ते नाही.

आधी मनगट म्हणजे काय ते पाहू. कोपरापासून दोन लांब हाडे खाली येतात, एक अंगठ्याच्या बाजूचे आणि दुसरे करंगळीच्या बाजूचे. त्यांच्यापुढे आठ लहान हाडे दोन रांगांत बसलेली असतात. एक नावेसारखे, त्याला डॉक्टर स्कॅफॉइड म्हणतात. त्याच्या शेजारी चंद्रकोरीसारखे, ते लुनेट. एक तर अगदी वाटाण्याएवढे. भाकरी थापणे, फडके पिळणे, पाना फिरवणे, पोते उचलणे ही सगळी कामे या दहा हाडांच्या जुळणीवर चालतात.

अंगठ्याकडच्या लांब हाडाचे टोक सपाट नसते. धडधाकट माणसात ते करंगळीच्या बाजूला सरासरी २२ ते २३ अंश उतरते असते आणि तळहाताच्या बाजूला सुमारे ११ अंश झुकलेले असते. त्याचे अंगठ्याकडचे टोक ११-१२ मिलिमीटर पुढे आलेले असते. आपण हात टेकून पडतो तेव्हा हेच टोक मोडते आणि बहुधा उलट्या दिशेला, म्हणजे हाताच्या पाठीकडे झुकते. ते तसेच जुळले तर हात दिसायला वाकडा राहतोच, शिवाय पकड कमी होते आणि पिळताना कळ येते. धुणे धुणाऱ्या बाईचे पोट ज्या कामावर चालते नेमके तेच काम अडते.

डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलीस यांनी १८१४ साली या मोडीचे वर्णन लिहिले. तेव्हा एक्स-रे नव्हता. सगळे हाताने चाचपून आणि डोळ्यांनी पाहून. पुढे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो काढला. त्यात बोटांची हाडे आणि बोटातली अंगठी स्वच्छ दिसते. जगातला हा पहिल्या काही एक्स-रे फोटोंपैकी एक, आणि तोही एका धडधाकट बाईच्या हाताचा!

आता मोजणीमुळे काय कळते आणि मोजणी अपुरी असली तर काय होते, याची एक खरी हकिगत सांगतो. चंद्रकोरीच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून ते हळूहळू ढासळते, असा एक आजार आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर किनबॉक यांनी १९१० साली त्याचे वर्णन केले. तो का होतो? स्वीडनच्या हुल्टेन यांनी १९२८ साली एक गोष्ट दाखवली. ज्यांना हा आजार होता, त्यांच्यापैकी साधारण चौघांत तिघांचे करंगळीकडचे लांब हाड अंगठ्याकडच्या हाडापेक्षा आखूड होते. नुसते एवढेच ऐकले तर कोणीही म्हणेल की आखूड हाड हेच कारण. पण हुल्टेन तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी निरोगी मनगटांचेही एक्स-रे पाहिले. तिथेही साधारण चौघांत एकाचे हाड आखूड निघाले. म्हणजे हाड आखूड असूनही अनेक माणसे सुखात होती. निरोगी मनगटे मोजली नसती तर हे कळलेच नसते.

गोष्ट इथे संपत नाही. १९९१ साली जपानी डॉक्टरांनी दाखवले की या दोन हाडांच्या लांबीतला फरक वयाप्रमाणे आणि स्त्री-पुरुषांतही बदलतो. पुढे १९९४ साली बेल्जियमच्या डॉक्टरांनी पुन्हा तुलना केली आणि आखूड हाड हे या आजाराचे कारण धरता येत नाही, असा निष्कर्ष काढला. तिसऱ्या देशात मोजले तर उत्तर वेगळे! याचा अर्थ आधीचे डॉक्टर खोटे होते असा मुळीच नाही. ‘निरोगी’ म्हणून कोणाला मोजले, त्यांचे वय काय, त्यांत बाया किती, यावर उत्तर फिरते.

फोटो कसा काढला यावरही फिरते, बरे का! पंजा उलथा करून मूठ घट्ट आवळली तर करंगळीकडचे हाड आहे त्यापेक्षा लांब दिसते. म्हणून एक्स-रेवाला सांगतो की खांदा वर घ्या, कोपर काटकोनात ठेवा, पंजा सपाट टेका. आपण वैतागतो. पण इथे एक-दोन मिलिमीटरचा प्रश्न असतो, आणि हात हलला की तेवढा फरक सहज पडतो.

एक्स-रेची आणखी एक अडचण आहे. तो सावलीसारखा असतो. आठ लहान हाडांच्या सावल्या एकमेकींवर पडतात, मग एकेकाचे माप घेणार कसे? ही अडचण सीटी स्कॅनने सोडवली. इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १९७१ साली पहिल्या रोग्याची तपासणी झाली आणि १९७९ साली त्यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. हे यंत्र पावाच्या कापांसारखे शरीराचे काप दाखवते. ते काप संगणकावर एकावर एक रचले की हाड जसेच्या तसे उभे राहते. मग त्याची लांबी, रुंदी, घनफळ सगळे मोजता येते.

अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरातल्या ब्राउन विद्यापीठाच्या मंडळींनी हेच काम नेटाने केले. ३० धडधाकट माणसे, १५ पुरुष आणि १५ बाया. हात सरळ, वर, खाली, बाजूला अशा निरनिराळ्या अवस्थांत स्कॅन केले, हाडांचा आकार आणि चाल दोन्ही मोजली आणि २००७ साली तो संग्रह इतर अभ्यासकांसाठी प्रसिद्ध केला. याच मंडळींनी त्याआधी २००५ साली स्त्री-पुरुषांच्या मनगटांची तुलना केली होती. बायांची हाडे लहान, पण हा फरक आकारमानाचा, घडणीचा नव्हे, असे त्यांना आढळले.

यात काय मोठे, असे वाटेल. आपल्याकडचा कासारसुद्धा मूठ दाबून सांगतो, हिला दोन-चारची बांगडी, तिला दोन-सहाची. पण बांगडी सैल झाली तर बदलता येते. हाडात बसवलेला स्क्रू तसा बदलता येत नाही. स्कॅफॉइडची लांबी पुरुषात सरासरी ३ सेंटिमीटरच्या आसपास आणि बाईत त्याहून तीन-चार मिलिमीटर कमी असते. मनगटात प्लेट बसवताना एखादा स्क्रू दोन मिलिमीटर जास्त लांब पडला आणि हाडाच्या पाठीमागे बाहेर आला, तर वरून जाणारी शीर, म्हणजे बोट उचलणारा स्नायूचा दोर, त्यावर घासत राहतो आणि कधीकधी तुटतोही. धिप्पाड पुरुषाच्या मापाची पेटी उघडून किरकोळ बांध्याच्या बाईचे ऑपरेशन करणे धोक्याचे आहे ते यामुळे. आपल्या देशातही हे काम झाले आहे. २०१६ साली ‘इंडियन जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक्स’मध्ये भारतीयांच्या मनगटाची एक्स-रेवरून घेतलेली मापे छापून आली. माझे स्वतःचे म्हणणे इतकेच की, ‘निरोगी माणूस’ म्हणून मोजायला कॉलेजातला विद्यार्थी आणि दवाखान्यातला कर्मचारी हाताशी असतो म्हणून पटकन मिळतो. वीस वर्षे पाटी उचललेली बाई आणि गोदीतला हमाल त्या यादीत असायला हवा. त्याचे मनगट निरोगी आहे, पण त्याने केलेले काम वेगळे आहे.

घरी उपयोगी पडेल असे दोन शब्द. मनगटावर पडलात, अंगठ्याच्या मुळाशी खळग्यात दाबल्यावर दुखते आणि एक्स-रेत काही दिसले नाही, तरी निश्चिंत राहू नका. स्कॅफॉइडची बारीक चीर पहिल्या फोटोत कधीकधी दिसत नाही. या हाडाला रक्त पुढच्या टोकाकडून मागे जाते, म्हणून मोड दुर्लक्षित राहिली तर मागचा तुकडा मरू शकतो. डॉक्टर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा बोलावतात तेव्हा जा, रोज बुडतो म्हणून टाळू नका. किरणांची फार भीतीही बाळगू नका. मनगटाच्या एका एक्स-रेतून मिळणारे किरण निसर्गातून काही तासांत मिळतात तेवढेच. गरोदर असाल तर मात्र आधी सांगा. आणि आपण काय काम करतो, कोणत्या हाताने करतो, हे डॉक्टरांना न विचारता सांगा.

उद्या एखाद्या कॉलेजने सांगितले की अभ्यासासाठी तुमच्या चांगल्या हाताचा स्कॅन हवा, तर घाबरून पळू नका आणि आंधळेपणाने अंगठाही उठवू नका. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे २०१७ चे नियम आहेत. तुम्हाला कळेल त्या भाषेत सगळी माहिती मिळाली पाहिजे, संमती तुमची पाहिजे, आणि मध्येच ‘नको’ म्हणालात तर तुमच्या उपचारात फरक पडता कामा नये. कागद मराठीत मागा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.

मावशींचे हाड बसवून कच्चे प्लास्टर घातले, सूज उतरल्यावर पक्के. सहा आठवड्यांनी ते काढले तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून त्यांना दाखवले. मावशी बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, “जुळलं की हो!” आणि दोन्ही फोटो पिशवीत घालून घेतले.