भूल उतरल्यानंतर

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडूनही घरचा वडीलधारा माणूस रात्री दचकून उठतो आणि पोटच्या मुलाला परका समजतो, तेव्हा कुटुंबाची जी गाळण उडते तिची नोंद इस्पितळाच्या दप्तरात क्वचितच होते. तैवानात पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या ३७७ वृद्धांच्या अभ्यासात (२०१७), ज्यांना परिचारिकांनी नित्य स्थळकाळाचे भान दिले, ज्यांचे मुखमार्जन व आहार जातीने पाहिला, ज्यांना लवकर चालते केले, त्यांच्यात असा बुद्धिभ्रम इतरांतील १५.१ टक्क्यांऐवजी ६.६ टक्केच आढळला. आणि या उपायांत औषधाची एक गोळीही नव्हती! चष्मा, श्रवणयंत्र, अखंड झोप, ओळखीचा आवाज अशा बिनऔषधी आधारांची तजवीज करू शकणाऱ्या आप्तांना दाराबाहेर ताटकळत ठेवण्याचा रिवाज आम्हांस अत्यंत क्लेशदायक वाटतो.